बार्शीची गाडी आणि थुंकीची नळी

दिवाळीनंतर ऑफिसात ‘वेलनेस वीक’ झाला. म्हणजे दरवर्षीप्रमाणे एक योगा सेशन (ज्याला तिघंच येतात), एक डोळे तपासणी, आणि कँटीनमध्ये समोशाऐवजी मोड आलेली मटकी. यंदा मात्र एक नवीन भानगड होती. एचआरच्या टेबलावर छोटे पांढरे डबे मांडून ठेवले होते. आत एक प्लॅस्टिकची नळी. नळीत थुंकायचं, झाकण लावायचं, कोड स्कॅन करायचा, आणि सहा आठवड्यांत तुमच्या जनुकांचा रिपोर्ट मोबाइलवर हजर. कंपनीचं टाय-अप असल्यामुळे किंमत निम्मी. आमच्या टीममधल्या अकरापैकी आठ जण थुंकले. मीही थुंकले.

संक्रांतीच्या आसपास रिपोर्ट आला. सत्तर पानांचा, रंगीत. कॉफी तुम्हाला किती चढते, दूध पचतं की नाही, टक्कल पडेल का, असलं सगळं त्यात होतं. आमचा एक जण, जो पहिल्या मजल्यावर जायलाही लिफ्टची वाट बघतो, त्याच्यात म्हणे धावपटूंचा जीन निघाला. दिवसभर ग्रुपवर नुसता धुडगूस.

मी मात्र सरळ एकोणचाळिसाव्या पानावर गेले. ‘स्तनाचा कर्करोग’. समोर हिरवी खूण, आणि शब्द : सर्वसाधारण धोका.

कारण सांगते. माझ्या सख्ख्या मावशीला २०११ साली, वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी स्तनाचा कर्करोग झाला. बार्शीला ऑपरेशन, मग मुंबईला टाटाच्या वाऱ्या, केमो, सगळं झालं. आज ती ठणठणीत आहे. पण तेव्हा मी आठवीत होते, आणि मावशीच्या डोक्याला गुंडाळलेला तो निळा स्कार्फ माझ्या मनातून कधी गेला नाही. त्यामुळे हिरवी खूण दिसल्यावर मी पहिला फोन आईला लावला. आई म्हणाली, “तुळजाभवानी पावली गं बाई.” दोघीही रडलो थोड्या. असो.

शनिवारी निवांत बसून रिपोर्टच्या तळातली बारीक अक्षरं वाचली. (सहा वर्षं क्यूए मध्ये काढली आहेत, बारीक अक्षरं वाचायचा रोगच आहे.) तिथे लिहिलं होतं की ही तपासणी संबंधित जनुकांमधली मोजकीच ठिकाणं बघते, आणि खूण हिरवी असली म्हणून आनुवंशिक धोका नाही असं समजू नये.

मोजकीच म्हणजे काय, ते आपल्या भाषेत सांगते. माणसाचा जीनोम म्हणजे साधारण ३०० कोटी अक्षरांचा कोड. असल्या थुंकीच्या टेस्ट बहुतेक वेळा तो सगळा वाचत नाहीत. ठरलेल्या काही लाख ठिकाणी जाऊन तिथलं एकेक अक्षर तेवढं बघतात. बीआरसीए-१ आणि बीआरसीए-२ हे स्तनाच्या आणि बीजांडाच्या कर्करोगाशी जोडलेले दोन जनुक आहेत. त्यांत घातक ठरतील असे हजारो वेगवेगळे बिघाड आजवर सापडलेत, आणि ते कुठेही असू शकतात. अमेरिकेतल्या ‘ट्वेंटी-थ्री अँड मी’ या प्रसिद्ध कंपनीला २०१८ साली तिथल्या सरकारी यंत्रणेने बीआरसीएचा रिपोर्ट द्यायला परवानगी दिली, तेव्हा त्या टेस्टमध्ये किती बिघाड तपासले जात होते माहितीये? तीन. आणि ते तीनही पूर्व युरोपातून आलेल्या ज्यू कुटुंबांत प्रामुख्याने आढळणारे. पुढे यादी वाढली, पण तरी ती यादीच. आता कळंब तालुक्यातल्या एका मराठी बाईला ‘ते तीन तुझ्यात नाहीत’ हे सांगून काय कळलं?

चार युनिट टेस्ट लिहिल्या, चारही हिरव्या आल्या, म्हणून रिलीज करून मोकळे, असा हा प्रकार आहे. माझ्या टीममध्ये कुणी असं केलं असतं तर मी त्याला फाडून खाल्लं असतं. आणि मीच ती हिरवी खूण बघून आईला फोन लावला होता!

मग नीट चौकशी करून पुण्यातल्या एका जनुकीय समुपदेशकाकडे गेले. बाईंनी सत्तर पानी रिपोर्ट उघडलासुद्धा नाही. एक कोरा कागद घेतला आणि वंशावळ काढायला लागल्या. बायकांसाठी गोल, पुरुषांसाठी चौकोन. आजोळचे सगळे विचारले. कोण कशाने गेलं, कितव्या वर्षी गेलं. आजीला किती बहिणी, मामांना किती मुलं. मला अर्धी उत्तरं येत नव्हती, तिथूनच आईला तीनदा फोन केला. अर्ध्या तासाने तो कागद माझ्यासमोर सरकवत बाई म्हणाल्या, “टेस्ट करायला हवी, पण तुमची नाही. आधी मावशींची.”

हे मला कोणी आधी सांगितलं नव्हतं, म्हणून तुम्हाला सांगते. स्तनाचे कर्करोग बहुतेक आनुवंशिक नसतातच. आनुवंशिक असतात ते साधारण ५ ते १० टक्के. पण पन्नाशीच्या आत झालेला असेल तर शंका घ्यायची. आणि शंका असेल तर ज्याला आजार झाला त्याच्या रक्ताची पूर्ण तपासणी आधी करायची. त्यात बिघाड सापडला, तर बाकीच्या नातेवाइकांमध्ये नेमकं ते एकच ठिकाण बघायचं. ती टेस्ट स्वस्त, आणि उत्तर पक्कं. उलट मावशीला सोडून माझीच केली आणि काही नाही निघालं, तर मी सुटले की मुळात शोधायचं काय तेच माहीत नव्हतं, हे कळायला मार्गच नाही. बग नक्की काय आहे ते माहीत नसताना ‘रिप्रोड्यूस होत नाही’ म्हणून तिकीट बंद करण्यासारखं.

गणित सोपं आहे. मावशीत बिघाड असला, तर तिच्या प्रत्येक मुलात यायची शक्यता निम्मी. माझ्या आईत असण्याची शक्यताही निम्मी धरायची, म्हणजे माझी पाव. मामाचीही निम्मीच. मामाला हे सांगितलं तर तो म्हणाला, “बायकांच्या रोगाचं मला काय सांगती?” पण मामाकडून त्याच्या मुलींत जाऊ शकतो ना! ते त्याला अजून पटलेलं नाही.

आणि समजा निघालाच बिघाड, तर? बीआरसीए-१ मध्ये असलेल्या बाईला वयाच्या ८० वर्षांपर्यंत स्तनाचा कर्करोग व्हायची शक्यता सत्तर टक्क्यांच्या आसपास धरतात. ऐकायला भयंकर वाटतं. पण इथे करण्यासारखं काहीतरी आहे. पंचविशीपासून दरवर्षी एमआरआय, तिशीनंतर सोबत मॅमोग्राफी, मुलं झाल्यावर पस्तीस ते चाळीसच्या दरम्यान बीजांडं काढून टाकायचा विचार. काही जणी आधीच स्तन काढून घेतात, जसं अँजेलिना जोलीने २०१३ मध्ये जाहीर केलं होतं. यातलं काहीच सोपं नाही. पण रिपोर्टच्या पुढे एक रस्ता आहे, आणि त्या रस्त्यावर कुणीतरी डॉक्टर उभा आहे.

माझ्या सत्तर पानांत मधुमेहाचंही पान होतं. ‘धोका : मध्यम ते जास्त’. आता माझे वडील, काका, आत्या, सगळ्यांना साखर आहे. हे सांगायला थुंकी कशाला लागते? पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली लॅन्सेटमध्ये स्वतःचा आणि एका इंग्रज सहकाऱ्याचा फोटो शेजारी-शेजारी छापला होता. दोघांचा बीएमआय तंतोतंत सारखा, २२.३. पण इंग्रजाच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि आपल्या डॉक्टरांच्या अंगात २१.२! दिसायला बारीक, आतून जाड, ही आपली भारतीय गोष्ट. त्यात जनुकांइतकीच आईच्या पोटातल्या पोषणाची गोष्टही आहे. माझ्या पानावरचा सल्ला होता ‘व्यायाम करा, साखर कमी खा’. हे आमच्या वॉचमनकाकांनीही फुकट सांगितलं असतं.

तर, मावशी. मी मोठ्या उत्साहात गावी गेले आणि तिला सगळं समजावून सांगितलं. लॅपटॉपवर चित्रं दाखवली. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, “नको.”

“अगं पण का?”

“चौदा वर्षं झाली. मी विसरले. तू आता माझ्या रक्तात काय हाय ते उकरून काढणार, आन ते कागदावर लिहून येणार. उद्या पोरीचं स्थळ बघायचंय. लोकं काय म्हणतील, ‘ह्यांच्या घराण्यातच हाय’.”

मला रागच आला आधी. मग रात्री झोप येईना तेव्हा विचार केला. आपल्याकडे ‘घराण्यात आहे’ हे वाक्य काय करतं ते मी पाहिलेलं आहे. कोड घराण्यात आहे, वेड घराण्यात आहे. नुसत्या संशयावर मुलींची लग्नं राहिली आहेत. पत्रिकेत नाडी एक आली म्हणून स्थळ परत जातं, तिथे लॅबच्या लेटरहेडवरचा सहीशिक्क्याचा कागद काय करेल? आजार मावशीचा एकटीचा होता. टेस्टचा निकाल मात्र तिच्या मुलीचा, माझ्या आईचा, मामाचा, माझा, सगळ्यांचा. तिच्या एका ‘हो’ने आम्ही सगळे उघडे पडणार होतो, आणि मी ते ‘हो’ जणू ओटीपीसारखं मागत होते.

हे सगळं चाललेलं असताना आजी कोपऱ्यात लसूण सोलत बसली होती. तिने विचारलं, “थुकायचं काय काढलंय गं तुमी?” मी तिला नळीची गोष्ट सांगितली. ती म्हणाली, “आमच्या टायमाला बार्शीची गाडी आली व्हती.”

आणि मग तिने जे सांगितलं ते ऐकून मी लसूण सोलायला खाली बसले.

“समद्या बायांला शाळंत बोलावलं. पिशवीच्या तोंडाची तपासनी म्हनं. लाज वाटायची, पर नर्सबाई लई गोड बोलायची. तुझ्या आज्याला सांगितलंच न्हाई म्या. पंधरा-वीस दिसांनी चिठ्ठी आली, माझं काय न्हाई निघालं. सोनाराच्या सुनंचं निघालं. तिला दवाखान्यात बोलावलं, बर्फ लावला म्हनं, आन संध्याकाळी ती घरी भाकरी थापीत व्हती. एक रुपाया घेतला न्हाई.”

मंडळी, आपल्या धाराशिव जिल्ह्याचं (तेव्हाच्या उस्मानाबादचं) नाव जगभरच्या वैद्यकीय पुस्तकांत कशासाठी आहे, हे मला वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षापर्यंत माहीत नव्हतं. इंजिनिअरिंगला असताना ‘उस्मानाबाद म्हणजे नेमकं कुठे?’ असं विचारणाऱ्यांना ‘तुळजापूरचा जिल्हा’ एवढंच सांगायचे. तर १९९९ ते २००३ या काळात जिल्ह्यातल्या गावांचे ५२ गट पाडून ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायकांचा एक प्रचंड अभ्यास सुरू झाला. बार्शीचं नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल, मुंबईचं टाटा मेमोरियल सेंटर, आणि फ्रान्सच्या लिऑनमधली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी मिळून तो केला. गर्भाशयमुखाचा कर्करोग आधीच कसा पकडायचा, हा प्रश्न होता. काही गावांत व्हिनेगरसारखं द्रावण लावून नुसत्या डोळ्यांनी बघायचं, काही गावांत पेशी काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली, आणि काही गावांत एचपीव्ही या विषाणूचा डीएनए शोधायचा. चौथ्या गटातल्या गावांत तपासणी नाही, फक्त माहिती. (आजीची चिठ्ठी मागाहून आली, म्हणजे व्हिनेगरवाली नसणार, त्यात उत्तर तिथल्या तिथे मिळतं. बाकी दोन्हींपैकी कुठली, ते तिलाही सांगता येत नाही.)

निकाल २००९ च्या एप्रिलमध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आला. आठ वर्षांत, तपासणी न झालेल्या गटातल्या ३१,४८८ बायकांपैकी ६४ जणी या कर्करोगाने गेल्या. डीएनए तपासणीच्या गटात ३४,१२६ पैकी ३४. म्हणजे आयुष्यात एकदाच केलेल्या एका टेस्टने मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आणले. बाकीच्या दोन पद्धतींनी मृत्यूंत लक्षणीय फरक पडला नाही.

आता तुम्ही म्हणाल, ही काही जनुकांची टेस्ट नव्हे, ही विषाणूची टेस्ट. कबूल. माझ्या नळीत माझा डीएनए होता, त्या बायकांच्या नमुन्यात बाहेरून आलेल्याचा शोधला. विषाणू आहे किंवा नाही, एवढाच प्रश्न. माझ्या बाबतीत प्रश्न शक्यतेचा, तोही अर्धवट. पण फरक तेवढाच नाही. आजीच्या गावात तपासणीच्या मागे एक अख्खी साखळी उभी होती. नर्स, चिठ्ठी, दुर्बिणीने पुन्हा तपासणारा डॉक्टर, बर्फ लावायचं मशीन, आणि आठ वर्षं हिशेब ठेवणारे लोक. बार्शीच्या लोकांनी त्याआधीच, १९८७ पासून, बार्शी, भूम आणि परंडा या तालुक्यांत गावोगाव फिरून कर्करोगाची नोंदवही ठेवायला सुरुवात केली होती. ग्रामीण भागातली देशातली ती पहिली नोंदणी. माझ्या डब्याच्या मागे एक ॲप होतं, आणि ‘तज्ज्ञाशी बोला’ असं एक बटण. दाबल्यावर प्रोटीन पावडरची जाहिरात उघडली.

पण आजीची गोष्ट तिथे संपली नाही. “माझ्या बहिनीच्या गावाला नुसतं भाषन करून गेले,” ती म्हणाली. “ती मला लई दिवस म्हनायची, आमी काय पाप केलं व्हतं?”

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही. बहिणीचं गाव चिठ्ठी टाकून चौथ्या गटात गेलं होतं. अभ्यास करणाऱ्यांचं म्हणणं, तेव्हा देशात सरकारी तपासणी कुठेच नव्हती, त्यामुळे चौथ्या गटाला जे मिळत होतं तेच सगळ्या देशाला मिळत होतं. टीकाकारांचं म्हणणं, काही ना काही तपासणी चालते हे जगाला आधीच माहीत होतं. २०१४ साली एका अमेरिकन डॉक्टरने हिशेब मांडला की उस्मानाबाद, मुंबई आणि तमिळनाडूतल्या दिंडिगल इथल्या अशा तीन अभ्यासांत तपासणी न झालेल्या १,३८,६२४ बायकांपैकी २५४ जणी दगावल्या. मला स्वतःला वाटतं, एचपीव्हीची टेस्ट एवढा मोठा फरक पाडेल हे तुलनेशिवाय कळलं नसतं. पण ए-बी टेस्टिंग आपण बटणाच्या रंगावर करतो. ‘बी’मध्ये आजीची बहीण असते तेव्हा हात थरथरायला हवेत.

आणि सगळ्यात चीड कशाची येते? त्या अभ्यासातून जग शिकलं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये एचपीव्ही डीएनए टेस्टलाच पहिली पसंती दिली. आणि आपल्या देशात? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, ३० ते ४९ वयाच्या बायकांपैकी गर्भाशयमुखाची तपासणी आयुष्यात एकदा तरी झालेल्या जेमतेम दोन टक्के. जीव वाचवते हे ज्या डीएनए टेस्टबद्दल माझ्या आजीच्या पिढीने सिद्ध करून दिलं, ती माझ्या ऑफिसच्या टेबलावर नव्हती. टकलाची होती.

टेस्टच्या मागे चुकीची माणसं उभी असली तर काय होतं, तेही आम्हाला लांब जाऊन बघावं लागत नाही. आजोळहून मांजरा ओलांडली की बीड जिल्हा. गर्भजल तपासणी भारतात सत्तरच्या दशकात आली ती बाळातले जनुकीय दोष शोधायला. तिचं पुढे काय झालं ते आपण जाणतो. मुलगी आहे का ते बघायचं यंत्र. महाराष्ट्राने १९८८ मध्ये देशातला पहिला कायदा केला, १९९४ मध्ये केंद्राने केला, आणि तरी २०११ च्या जनगणनेत बीडमध्ये सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागे मुली किती, तर ८०७. दुसरी गोष्ट पिशवीची. २०१९ साली बीडच्या ऊसतोड करणाऱ्या बायकांची सरकारी पाहणी झाली. ८२ हजारांहून जास्त बायकांपैकी १३ हजारांहून जास्त जणींच्या पिशव्या काढलेल्या होत्या. ‘नाही काढली तर कॅन्सर होईल’ असं डॉक्टरने सांगितलं, हे त्यांतल्या कितीतरी जणींनी पत्रकारांना सांगितलं. तेव्हा ‘तुम्हाला पुढे धोका आहे’ हे वाक्य नुसतं शास्त्रीय नसतं. ते कोण म्हणतंय, कोणाला म्हणतंय, आणि त्यातून कोणाचं बिल निघतंय, ते आधी बघावं.

आता थोडं आपल्या धंद्याबद्दल. आपण सगळे पासवर्डवाले लोक. २०२३ मध्ये त्याच ट्वेंटी-थ्री अँड मी वर हल्ला झाला. भारी हॅकिंग वगैरे काही नाही, दुसरीकडे फुटलेले पासवर्ड इथे लावून बघितले. सुमारे १४ हजार खाती उघडली, आणि नातेवाईक शोधण्याच्या फीचरमधून साधारण ६९ लाख लोकांची माहिती बाहेर गेली. २०२५ च्या मार्चमध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला, आणि कोट्यवधी लोकांची थुंकी ही विकायची मालमत्ता झाली. शेवटी संस्थापिकेच्याच ना-नफा संस्थेने ती घेतली, पण काही महिने लोकांचा जीव टांगणीला होता. पासवर्ड बदलता येतो. जीनोम बदलता येत नाही, आणि तो एकट्याचा नसतोही. मी थुंकले तेव्हा माझ्या मावशीलाही न विचारता थोडं थुंकायला लावलं.

आपल्याकडे काय? २०१९ च्या डेटा विधेयकाच्या मसुद्यात जनुकीय माहिती ‘संवेदनशील’ या वेगळ्या वर्गात होती. २०२३ च्या कायद्यात तो वर्गच उरला नाही. विम्याचं बघा. २०१८ मध्ये दिल्ली हायकोर्टाने, हृदयाच्या एका आनुवंशिक आजाराच्या रुग्णाचा क्लेम नाकारणाऱ्या विमा कंपनीविरुद्ध निकाल दिला, आणि ‘जनुकीय आजार वगळून’ असं सरसकट कलम भेदभाव करणारं आहे असं म्हटलं. प्रकरण पुढे सुप्रीम कोर्टात गेलं. अमेरिकेत निदान २००८ पासून आरोग्यविमा आणि नोकरी यांच्यापुरता स्वतंत्र कायदा आहे (आयुर्विमा तिथेही मोकळाच). आपल्याकडे असा स्वतंत्र कायदा नाही. आणि मला हा डबा कुणी दिला? माझ्या एम्प्लॉयरने. रिपोर्ट त्यांच्याकडे जात नाही असं फॉर्मवर लिहिलंय. मी विश्वास ठेवते. पण सही करताना मी ते वाचलं नव्हतं, हे खरं.

तरी मी जनुकीय तपासणीच्या विरोधात नाही, उलट आहे. लग्नाआधी थॅलेसेमियाची साधी रक्ततपासणी दोघांनीही करावी असं माझं ठाम मत आहे, विशेषतः आमच्याकडे मामाची मुलगी करायची पद्धत आहे तिथे. गडचिरोली-नंदुरबारकडे सिकलसेलची तपासणी होते, तीही जनुकाचीच गोष्ट, आणि स्वस्त. मावशीसारख्या केसमध्ये पूर्ण तपासणी करावी, समुपदेशकासोबत करावी. त्यातही ‘बदल आहे पण अर्थ माहीत नाही’ असं उत्तर येऊ शकतं, कारण जगातला बराचसा संदर्भ-डेटा गोऱ्या लोकांचा आहे. जीनोम-इंडियाने १०,००० भारतीयांचा डेटा २०२५ च्या जानेवारीत संशोधकांना खुला केला, तेव्हा हळूहळू ते सुधारेल. पण ऑफिसातला डबा? माझ्या मते पैसे वाया. तेवढ्याच पैशांत मी गेल्या महिन्यात आईची एचपीव्ही टेस्ट करून घेतली. निगेटिव्ह आली. ही हिरवी खूण मात्र मी मनापासून साजरी केली. तुमच्या घरी तिशीच्या पुढच्या बायका असतील तर आपापल्या डॉक्टरला विचारा.

माझा नमुना नष्ट करा आणि खातं बंद करा, असा मेल मी त्या कंपनीला टाकलाय. उत्तर म्हणून ‘तुमचा अनुभव कसा होता?’ असा पाच ताऱ्यांचा फॉर्म आला.

मावशीचा फोन मागच्या रविवारी आला. झालं असं, की तिच्या मुलीनेच विषय काढला. स्थळ बघून गेलेलं आहे, मुलगा औरादचा, लातूरला बँकेत आहे. ती त्याच्याशी फोनवर बोलली आणि सरळ सांगून टाकलं, माझ्या आईला असं असं झालं होतं, आम्ही तपासणार आहोत. तो म्हणाला, “तपासा की. माझ्या वडिलांना पस्तिशीत अटॅक आला होता, ते मी तुम्हाला सांगितलं नव्हतं.” मावशी म्हणाली, “ही आजकालची पोरं कायबी बोलतात एकमेकांशी.” मग थोडं थांबून म्हणाली, “वैशाखात लग्न उरकू दे. मग ने मला पुण्याला. पर कागद माझ्याच हातात दे म्हणावं, दुसऱ्या कुणाच्या न्हाई.”

मेच्या शेवटच्या आठवड्यात दोन दिवस रजा टाकून ठेवली आहे. कारणाच्या रकान्यात ‘कौटुंबिक’ एवढंच लिहिलंय.